तळाची ओळ

भाचीच्या लग्नाची पत्रिका डोंबिवलीत फडके रोडजवळच्या एका छोट्या छापखान्यात दिली होती. मजकूर बेताचा, पण दोन्हीकडच्या थोरामोठ्यांची नावं कागदावर मावता मावत नव्हती. छापखान्यातल्या मुलाने पडद्यावर ओळी वरखाली करून पाहिल्या आणि विचारलं, "मावशी, ही तळाची ओळ उडवू का? तिला तसा काही अर्थ नाही, सगळे जण नुसतीच घालतात." ती ओळ होती, 'कळावे, लोभ असावा.'

मी नको म्हणाले. का नको, ते मात्र मला तिथे उभ्या उभ्या सांगता आलं नाही. आठवडाभराने ते सांगायची वेळ आली. भाची गोथेनबर्गला नोकरी करते आणि नवरा मुलगा तिथलाच. त्याच्या आईला आलेल्या पत्रिकेतली ओळ न् ओळ समजून घ्यायची होती. भाचीने गणपतीपासून मुहूर्तापर्यंत सगळं स्वीडिशमध्ये सांगितलं आणि तळाशी येऊन अडली. रात्री तिचा फोन आला, "मावशी, लोभ म्हणजे हाव ना गं? मग आपण लोकांना लग्नाला बोलावून त्यांच्याकडे हाव का मागतो?"

त्या रात्री मी तिला जे सांगितलं ते अर्धवट होतं. नंतर कोश उघडून बसले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला, कृ. पां. कुलकर्णींचा १९४६चा व्युत्पत्तिकोश काढला, आणि भाचीने तिकडून स्वीडिश, डॅनिश, आइसलँडिक शब्द एकेक करून पाठवले. 'लोभ असावा' या दोन शब्दांसाठी उत्तरेकडच्या भाषांत जोड सापडतो का, हे आम्ही दोघी मिळून शोधत होतो. मूळ दोन शब्दांचीच गोडी मला त्या शोधात पहिल्यांदा नीट कळली.

लोभ हा षड्रिपूंतला तिसरा. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी आपल्याला लहानपणी पाढ्यासारखी पाठ करून घेतात. पाणिनीय धातुपाठात 'लुभ्' दोन ठिकाणी येतो, एकदा हाव धरणं या अर्थाने आणि एकदा भुलून जाणं, मन गोंधळणं या अर्थाने. म्हणजे हाव आणि भूल दोन्ही एकाच धातूच्या पोटात आहेत. मराठीने या लोभापासून दोन विशेषणं केली, लोभी आणि लोभस. लोभी माणसाला आपण दारात उभं करत नाही आणि लोभस मूल कडेवरून खाली ठेववत नाही. नाम एकच, मग एवढा फरक कुठून आला? लोभी तो, ज्याच्या मनात लोभ आहे. लोभस तो, ज्याच्यावर दुसऱ्यांचा लोभ जडतो. लोभ कुणाकडून कुणाकडे वाहतो, यावर सगळं ठरतं.

'लोभ असावा'मध्ये नेमकी हीच दिशा बदलली आहे. माझा लोभ तुमच्या घरावर, शेतावर, पैशावर असेल तर तो रिपू. तुमचा लोभ माझ्यावर असावा, अशी मी विनंती केली की त्याच शब्दातलं विष उतरतं. लिहिणारा स्वतःला दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवतो आणि म्हणतो, मी तुम्हाला हवासा वाटत राहावा. यापेक्षा नम्र आणि यापेक्षा धीट मागणी मला मराठीत दुसरी दिसत नाही. नम्र अशासाठी की मागणारा हात जोडून उभा आहे. धीट अशासाठी की तो साधी कृपा मागत नाही, ओळख मागत नाही, थेट हाव मागतो. प्रेम या शब्दात शालीनपणा आहे. लोभात भूक आहे. आपल्या पूर्वजांनी पत्राच्या तळाशी ठेवण्यासाठी भुकेचा शब्द निवडला.

आता क्रियापद पाहा. 'लोभ ठेवा' असं लिहिलं असतं तर ती आज्ञा झाली असती. 'लोभ आहे' म्हटलं असतं तर तो दावा झाला असता. 'असावा' हे विध्यर्थाचं रूप आहे, त्यात इच्छा आहे आणि समोरच्याला मोकळीकही आहे. वाक्यात 'आपला' हा शब्द नाही, 'माझ्यावर' हाही नाही. देणारा आणि घेणारा दोघेही गाळले आहेत, मध्ये फक्त लोभ उरला आहे. जुन्या पत्रांत हे रूप आणखी सैल होतं, 'लोभ असो द्यावा'. असू द्या, जो आहे तो तसाच राहू द्या. पेशवाईतल्या पत्रात बाकी सगळा मजकूर फौजेचा, रसदेचा, थकलेल्या रकमेचा असायचा. एखादा सावकार वसुलीचा तगादा लावतानाही शेवटी 'बहुत काय लिहिणे' म्हणून लोभाशी येऊन थांबायचा.

आमच्या ठाण्याला या कागदांचं मोल लवकर कळलं. वि. ल. भावे ठाण्याचे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून त्यांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास उभा केला, आणि जुने कागद जमवून 'मराठी दप्तर' या नावाने छापले. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं त्यामागेही ते होते. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८६४चं. या वाचनालयांत बसून जुनी पत्रं वाचणाऱ्याला लवकरच कळतं की तळाची ओळ सवयीने लिहिलेली असली तरी सगळीकडे सारखी नाही. माझ्या आजोबांच्या पेटीतल्या कार्डांवर तर ती माणसागणिक बदलते. व्याह्यांना 'लोभ असावा ही विनंती'. मित्राला नुसतंच 'लोभ आहेच'. आणि एका जुन्या शेजाऱ्याला, जो कल्याण सोडून नागपूरला गेला होता, त्याला 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा'. त्या 'आहेच'मधल्या 'च'वर मी कितीदा तरी थांबले आहे. आधी शंका पुसून टाकायची आणि मग वाढ मागायची. मूळ शाबूत आहे याची खात्री असल्याशिवाय झाडाला खत घालत नाहीत, तसं.

भाचीला मी म्हटलं, आधी इंग्रजीतून जाऊ. इंग्रजी 'लव्ह' आणि जर्मन 'लीबे' हे आपल्या लोभाचे सख्खे चुलत. संस्कृतातला 'भ' जर्मानिक घराण्यात 'ब' होतो, 'भ्राता'चा तिकडे 'ब्रदर' होतो तसा. शब्दाच्या आत आलेला हा 'ब' इंग्रजीत पुढे 'व्ह' झाला. म्हणजे जी पोरं मोबाइलवर 'लव्ह यू आजी' असं लिहून पाठवतात आणि जी आजी उत्तरादाखल 'लोभ असावा' लिहायची, ती दोघं एकाच धातूने बोलत असतात. भाची फोनवर एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग स्वीडिशमध्ये पण असेलच की!"

आहे. पण प्रेमाच्या जागी नाही. उत्तरेकडच्या भाषांनी लोभाच्या या भावाला दुसऱ्या कामांना लावलं. स्वीडिशमध्ये 'लोवा' म्हणजे वचन देणं. 'फोर्लोवाद' म्हणजे वाङ्निश्चय झालेला, शब्दाने बांधलेला. 'लोव' म्हणजे परवानगी, आणि म्हणून शाळेची सुट्टीही. तिकडची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीला 'सोमारलोव' म्हणतात. मला हे फार आवडलं. मे महिन्यात आजोळी जायची सुट्टी आणि पत्राच्या तळाचा लोभ एकाच घरातून निघाले. एक भाऊ मात्र अगदी आपल्यासारखाच राहिला. लिहिताना त्यात 'ल' असतो, बोलताना तो गळतो आणि 'यूव' असा उच्चार होतो. अर्थ गोड, मोहक, लोभस. आपण बाळाला म्हणतो तेच.

पण पत्रिकेच्या तळाशी 'तुम्ही गोड असावं' असं लिहून भागणार नव्हतं. मग आम्ही प्रेमाच्या खऱ्या शब्दांकडे वळलो.

स्वीडिशमध्ये प्रेमाला 'शॅर्लेक' म्हणतात. लिहिताना 'क' आणि बोलताना 'श'. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत याचीच भावंडं आहेत, फक्त शेपटीला जर्मन वळणाचा प्रत्यय आहे. शॅर्लेकचा पुढचा भाग 'शॅर' म्हणजे प्रिय. तो उत्तरेचा नाहीच. मध्ययुगात तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन 'कारुस'वरून आला, आणि या 'कारुस'चं मूळ अनेक भाषाशास्त्रज्ञ आपल्या 'काम' शब्दाच्या मुळाशी नेऊन भिडवतात. मागचा 'लेक' म्हणजे आजच्या स्वीडिशमध्ये खेळ, म्हणून ऐकणाऱ्याला हा शब्द 'प्रियाचा खेळ' असा लागतो. खरं तर तिथे तो नुसता प्रत्यय आहे, आपल्या 'पणा'सारखा. शॅर्लेक म्हणजे प्रियपणा. तरी मला खेळाचा तो आभास पुसावासा वाटत नाही. बोलणाऱ्याच्या कानाला जे ऐकू येतं तेही शब्दाच्या आयुष्यात धरावं लागतं.

कोश मिटून मी जरा वेळ तशीच बसले. षड्रिपूंतला पहिला काम, तो स्वीडनचं प्रेम झाला. तिसरा लोभ, तो इंग्लंडचं आणि जर्मनीचं प्रेम झाला. ज्यांना आपण शत्रू म्हणून मोजतो तेच दोघे तिकडे घरातल्या उंबऱ्यावर बसले आहेत. आणि आपल्याकडेही त्यांतला एक पत्राच्या तळाशी येऊन बसलाच आहे.

या नात्यांचा शोध ज्यांनी लावला त्यांतला एक माणूस आमच्या दारावरून गेला होता. रास्मुस रास्क हा डेन्मार्कचा भाषाशास्त्रज्ञ. उत्तरेच्या जुन्या भाषेच्या मुळाविषयीचा त्याचा निबंध १८१८ साली छापला गेला आणि ग्रीक, लॅटिन, जर्मानिक शब्दांतले ध्वनी कसे नियमाने बदलतात हे त्याने त्यात दाखवलं. तो रशिया, इराण करत १८२० साली मुंबईत पोहोचला, पारशी धर्मगुरूंकडून जुनी हस्तलिखितं मिळवली आणि ती पुढे कोपनहेगनला नेली. तेव्हा इकडे रेल्वे नव्हती, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावायला अजून तेहतीस वर्षं होती. लोभ आणि लव्ह यांचं नातं ज्या विद्येने कळतं, ती विद्या उभी करणारा माणूस खाडीच्या इतक्या जवळ येऊन गेला, हे मला भाचीला मुद्दाम सांगावंसं वाटलं.

शॅर्लेक आमच्या ओळीला बसेना. तो मोठ्या, जाहीर प्रेमाचा शब्द आहे. व्याह्यांकडे तो मागता येत नाही. मग क्रियापद पाहिलं. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' म्हणताना स्वीडिश माणूस 'एल्स्का' धातू वापरतो. आइसलँडपासून डेन्मार्कपर्यंत सगळ्यांचा हाच धातू, थोड्या फार फरकाने. त्याचं मूळ पोसणं, वाढवणं या अर्थाच्या जुन्या धातूत आहे असं बरेच अभ्यासक मानतात, जरी सगळे नाहीत. ते खरं धरलं तर उत्तरेत प्रेम करणं म्हणजे आधी खाऊपिऊ घालणं. आपल्याकडचा 'लळा' अगदी याच्या शेजारी बसतो. लालनपालन, लाड आणि लळा हे एकाच घरचे. माणसाला लळा लावायचा तर त्याला भरवावं लागतं, त्याचे लाड करावे लागतात. मांजरालासुद्धा.

इथे मला मराठीच्या एका सवयीविषयी थोडं सांगायचं आहे, ओळीपासून जरा बाजूला जाऊन. मराठीत प्रेम केलं जातं त्याहून जास्त ते लागतं. लळा लागतो, ओढ लागते, ध्यास लागतो, जीव लागतो. लग्नसुद्धा लागतं. आणि 'लग्न' हा शब्दच मुळी 'लग्' धातूचं भूतकाळी रूप आहे, लग्न म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. तेव्हा 'लग्न लागलं' म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो. स्वीडिशमध्ये लग्नाचा जुना शब्द वधूच्या धावण्यावरून आला आहे, वधूला वाजतगाजत घेऊन जाण्यावरून. आणि 'विवाहित' याला ते लोक 'यिफ्त' म्हणतात, म्हणजे दिलेली. आपलं कन्यादान. दोन्हीकडे मुलगी दिली जाते. पण लागणं आपलंच. जे लागतं त्यात माणसाचा हात नसतो, ते तापासारखं, रंगासारखं, उन्हासारखं येतं. म्हणून मराठीत 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे वाक्य जिभेवर जरा उसनं वाटतं. आमच्या या पट्ट्यातल्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडीची 'गारी' होते, तसं 'मला आवडतं'चं 'मना आवरतं' होतं. तिथेही करणारा नाही. आवडणं येऊन उभं राहतं.

आणि मग आइसलँडिक शब्द आला, 'आउस्त'. तिकडे प्रेमाला शॅर्लेकचा भाऊ आहे, पण माणसामाणसांतल्या प्रेमाचा खरा जुना शब्द हा. त्याचं मूळ देण्यात आहे, आणि ते देणं खास प्रकारचं आहे. याच मुळापासून स्वीडिशमध्ये 'उन्ना' हा धातू राहिला आहे. त्याचा अर्थ सांगायला भाचीला पाच मिनिटं लागली. दुसऱ्याला काही चांगलं मिळालं, सुट्टी, बढती, सुखाची झोप, की आपण म्हणतो ना, मिळो गं बाई तिला, तिचं भलं होवो. मनात जराही खुट्ट होऊ न देता तसं म्हणणं म्हणजे उन्ना. याच्या उलट 'मिसुन्ना', म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. म्हणजे मत्सर. षड्रिपूंतला सहावा.

मला वाटतं, प्रेमाच्या शब्दांत 'आउस्त'इतकं खोल मूळ थोड्यांचं असेल. प्रेम म्हणजे दुसऱ्याविषयी मत्सर उरला नाही अशी स्थिती. सख्ख्या भावाची भरभराट बघवत नाही अशी माणसं आपण पाहतो. 'त्याच्यावर माझं फार प्रेम आहे' असं ती खरेपणानेच सांगतात. आइसलँडच्या जुन्या भाषेने त्यांना एकाच शब्दात पारखलं असतं. 'लोभ असावा'ला हा शब्द सगळ्यात जवळचा, असं भाची म्हणाली. मी अर्धी कबूल झाले. उन्नामध्ये भलेपणा आहे, पण भूक नाही. आमच्या ओळीत भूक हवी.

उन्नाचं जोडपद मला मात्र वेगळ्याच जागी सापडलं, शिंप्याकडे. साडीवरचा ब्लाउज शिवायला टाकताना आपण सांगतो, "आत माया ठेवा हं." शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. पोर वाढतं, अंगाने भरतं, की शिवण उसवून माया सोडतात आणि तोच कपडा पुन्हा बसतो. संस्कृतात माया म्हणजे भ्रम, जादू. मराठीने तिला आईच्या मनात आणि कपड्याच्या शिवणीत नेऊन ठेवलं. पुढे जे लागेल ते आजच आत राखून ठेवायचं, बाहेरून दिसू द्यायचं नाही. उन्नाचा भलेपणा इथे कापडाच्या मापात दिसतो. ज्या घरात व्याह्यांच्या पंक्तीत चार पानं वाढली तरी स्वयंपाक पुरतो, त्या घरात माया ठेवलेली असते.

आपल्या नेहमीच्या 'प्रेम' शब्दाचं उत्तरेत काय झालं, हे विचारायचं राहिलं होतं. 'प्रिय' आणि 'प्रेम' ज्या 'प्री' धातूचे, त्याचं तिकडचं घराणं मोठं आहे. इंग्रजीत त्याने 'फ्रेंड' दिला, मित्र. उत्तरेत तोच शब्द 'फ्रेन्दे' झाला आणि त्याचा अर्थ नातेवाईक, रक्ताचा माणूस. मुळात दोन्हींचा अर्थ 'प्रेम करणारा'. एका भाषेने त्याला मित्र केलं आणि दुसरीने सोयरा. हे वाचताना मला कल्याणची आनंदी आठवली. आनंदीबाई जोशी, जन्म १८६५चा. गोपाळराव टपाल खात्यात होते. बायकोला डॉक्टर करायचं म्हणून १८८० साली त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते तिकडच्या मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं. त्यातून पत्रांची ये-जा सुरू झाली. कधी न पाहिलेल्या त्या बाईला आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली त्या बोटीने गेल्या आणि मावशीकडेच उतरल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, अजून बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्या अस्थी मावशीने आपल्या घरच्या दफनभूमीत पुरल्या, पोकीप्सी इथे. फ्रेंड आणि फ्रेन्दे, मित्र आणि सोयरा, या दोन अर्थांमधलं अंतर कल्याणच्या एका मुलीने पत्रांतून पुसलं. मराठीत मावशी ही हाक प्रेमाच्या कुठल्याही शब्दापेक्षा मोठी आहे, हे मी मावशी म्हणून सांगते.

'प्री'चं घराणं इथे संपत नाही. उत्तरेची देवी फ्रिग, देवांचा राजा ओदिन याची राणी, हिचं नाव म्हणजे अक्षरशः आपलं 'प्रिया'. तिच्या नावाने त्यांचा शुक्रवार, 'फ्रेदाग'. रोमन लोकांचा शुक्राचा वार उत्तरेने आपल्या प्रियेला दिला आणि आपण तो शुक्राचाच ठेवला. फ्रिगची एक कथा आइसलँडचा जुना लेखक स्नोरी याच्या तेराव्या शतकातल्या 'एड्डा' या ग्रंथात आहे. तिच्या मुलाला, बाल्डरला, मृत्यूची स्वप्नं पडू लागली. तेव्हा तिने आगीकडून, पाण्याकडून, लोखंडाकडून, दगडाकडून, प्रत्येक रोगाकडून, प्रत्येक प्राण्याकडून शपथ घेतली की माझ्या लेकराला इजा करणार नाही. एक कोवळं बांडगूळ मात्र तिने लहान म्हणून सोडलं आणि त्यानेच घात केला.

भाचीने ही कथा वाचून दाखवली तेव्हा श्रावण चालू होता आणि वार शुक्रवार होता. माझ्या भिंतीवर जिवतीचा कागद होता, वर नृसिंह आणि कालियावर उभा कृष्ण, मध्ये पोरांना घेऊन बसलेल्या जरा-जिवंतिका, खाली बुध-बृहस्पती. आईने लेकरांना ओवाळायचा हा वार. जी लेकरं घरात नाहीत त्यांच्यासाठी आई चारही दिशांना अक्षता टाकते. माझी बहीण, भाचीची आई, गेली सहा वर्षं त्या अक्षता टाकताना आधी वायव्येकडे तोंड करते. दोन्ही शुक्रवारांचं नातं मी ओढूनताणून लावत नाही. ग्रहाचं नाव, देवीचं नाव आणि आईची भीती वेगवेगळ्या वाटांनी एका वारावर आल्या आहेत, एवढंच. पण ज्या देवीचं नाव प्रिया, तिने चराचराकडून शपथा घेत हिंडावं आणि डोंबिवलीतल्या आईने चार दिशांना तांदूळ फेकावेत, यात मला एकच घाबरलेला हात दिसतो. जिवतीतला 'जीव' पण उत्तरेत पोहोचला आहे. स्वीडिश 'क्विक', म्हणजे चपळ, तोच शब्द. इंग्रजीत नखाखालच्या नाजूक मांसाला 'क्विक' म्हणतात आणि आपण त्याला जिव्हाळी म्हणतो. त्याच्याच शेजारचा आपला जिव्हाळा. जिथे लागलं तर सगळ्यात जास्त दुखतं, ती जागा आपण प्रेमाच्या नावाने ओळखतो.

शेवटी व्याहीणबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न उरलाच. शॅर्लेक मोठा पडत होता, एल्स्का फार खाजगी, यूव नुसता गोड. उन्नात भूक नव्हती. लोवामध्ये वचन होतं, पण वचन आम्ही मागत नव्हतो. माझा निवाडा असा आहे की उत्तरेच्या भाषांत प्रेमाचे शब्द आपल्याइतकेच आहेत, काही आपल्याहून खोल आहेत, 'आउस्त'पुढे तर मी हात जोडते. पण हाव आणि विनंती एका ओळीत बसवून ती व्याह्याला, शेजाऱ्याला, सावकाराला, दुकानदाराला, कुणालाही निःसंकोच लिहिता यावी, ही सोय मला त्यांच्याकडे सापडली नाही. तिकडचं पत्र 'शॅरा' म्हणजे 'प्रिय' असं म्हणून सुरू होतं आणि स्नेहाच्या नमस्कारावर संपतं. त्यांचा काम पत्राच्या माथ्यावर, आपला लोभ तळाशी.

भाचीने मग तोडगा काढला. स्वीडिश मजकुराच्या कागदावर तिने सगळं भाषांतर केलं आणि तळाची ओळ देवनागरीतच राहू दिली. खाली स्वीडिशमध्ये तीन वाक्यांत तिचा अर्थ लिहिला. व्याहीणबाई डोंबिवलीत आल्या तेव्हा त्यांनी ती ओळ बोटाने गिरवून मला दाखवली. 'भ' त्यांना काही केल्या म्हणता येत नव्हता. 'लोब' म्हणत होत्या. मी त्यांना सुधारलं नाही, कारण उत्तरेच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी या अक्षराचं हेच केलं होतं.

छापखान्यातल्या त्या मुलाचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. सगळे जण ही ओळ नुसतीच घालतात, आणि आता तर तीही गळू लागली आहे. निरोप आले, आवाजाचे तुकडे आले, पत्राला तळच उरला नाही. तेव्हा वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत पंधरा पैशांची कार्डं आणि निळी आंतर्देशीय पत्रं असतील. रद्दीवाल्याला द्यायच्या आधी प्रत्येकाची फक्त शेवटची ओळ वाचा आणि एका वहीत उतरवून ठेवा, कुणी कुणाला लिहिली आणि कोणत्या साली. वही भरली की ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात किंवा कल्याणच्या वाचनालयात, जे जवळ असेल तिथे घेऊन जा आणि ती ठेवून घ्याल का म्हणून विचारा. माझ्या आजोबांच्या पेटीतल्या एकशे बारा ओळी मी उतरवल्या आहेत.